उभी गाडी कोणी ठोकू नये म्हणून: टू-व्हीलर पार्किंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'गाडी लावून वर गेलो, खाली आलो तर आडवी पडलेली, आता काय करू' हा प्रश्न इतक्या जणांकडून इतक्या वेळा येतो की उत्तरं एकदाच लिहून ठेवलेली बरी. विचारणारे बहुतेक पुण्याचे म्हणून उदाहरणंही पुण्याचीच आहेत, पण नाशिक, ठाणे, कोल्हापूर कुठेही फार वेगळं नाहीये. खाली 'गाडी' म्हणजे टू-व्हीलर, चारचाकीला कार म्हटलंय.

१. उभ्या गाडीला नक्की ठोकतं कोण? दारू पिऊन चालवणारे का?

ते पेपरात येतात म्हणून लक्षात राहतात. रोजचं नुकसान करणारे तिघंच: रिव्हर्स घेणारा कारवाला, तुमच्या शेजारची गाडी ओढून काढणारा, आणि 'जरा सरकवतो हां' म्हणणारा वॉचमन. मुद्दाम कोणीच करत नाही. कारच्या मागच्या काचेची खालची कड बऱ्याचदा तुमच्या सीटपेक्षा वर असते, त्यामुळे अगदी मागे उभी असलेली गाडी ड्रायव्हरला काचेतून दिसतच नाही, सेन्सर असतात बंपरच्या उंचीला आणि तुमचं हँडल त्याच्या वरून बाहेर आलेलं, आणि सोबत कोणी उतरून 'येऊ दे, येऊ दे' करणारा असला तर तोही मोबाइलमध्ये. म्हणून ड्रायव्हर नीट बघेल या भरवशावर गाडी लावायची नाही, रिव्हर्समधली कार जिथे पोचूच शकत नाही तिथे लावायची. लेग गार्ड, कव्हर, कॅमेरा हे सगळं त्याच्या नंतर.

२. साइड स्टँड बरा की मेन स्टँड?

आजूबाजूला काय आहे त्यावर ठरतं. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कललेली असते, उजवीकडून साधा धक्का लागला तर स्टँड तो झेलतो. डावीकडून लागला तर गाडी आधी सरळ होते आणि मग उजवीकडे जाते, तिथे अडवायला काहीच नाही. मागून ढकलली तर वेगळंच होतं: गाडी पुढे सरकते, साइड स्टँड मागे दुमडतो आणि गाडी डावीकडे पडते. हे टाळायला पहिला गियर (प्रश्न ६ बघा).

मेन स्टँडवर गाडी सरळ उभी राहते, जागा कमी खाते, हँडल शेजाऱ्याच्या हँडलात अडकत नाही. पण स्टँडचे दोन पाय जवळजवळ असतात, बाजूने चांगला धक्का बसला तर ती साइड स्टँडवरच्या गाडीपेक्षा लवकर जाते, आणि मागून कार टेकली तर स्टँडवरून उतरून कुठेही पडते. दाटीच्या ओळीत, सपाट फरशीवर मेन स्टँड. मागून कार यायची शक्यता असेल तर साइड स्टँड आणि गियर. केटीएम ड्यूकसारख्या गाड्यांना मेन स्टँडच नसतो, त्यांच्यासाठी हा प्रश्नच मिटला.

३. रस्त्यावर लावताना जागा कशी निवडायची?

आधी सोप्या गोष्टी. वळणाच्या आतल्या बाजूला कधीही लावू नका, बस, टँकर, ट्रक वळताना त्यांची मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून येतात, पुढचा भाग तुमच्या गाडीला चुकवून गेला म्हणजे मागचाही जाईल असं नाही. कुठल्याही गेटसमोर नको, बंद दिसत असलं तरी. दुकानाच्या शटरसमोर नको, तिथे टेम्पो लागतो आणि माल उतरवताना हमाल तुमची गाडी उचलून बाजूला ठेवतात, कशी ठेवतात ते तुम्हाला माहितीये.

मग आधार शोधायचा. विजेचा खांब, झाडाचा कट्टा, डीपीचा बॉक्स, फूटपाथचा उंच दगड, असं काहीतरी घट्ट तुमच्या आणि कार येण्याच्या दिशेच्या मध्ये असलं की निम्मं काम झालं. दोन कारच्या मधल्या बोळात गाडी घालणं हा आपल्याकडचा आवडता प्रकार, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट, कारण दोन्ही कारना बाहेर पडायला नेमकी तीच जागा लागते.

लक्ष्मी रोड आणि आसपासच्या पेठांमध्ये पी-१, पी-२ चे बोर्ड आहेत, विषम तारखेला एक बाजू, सम तारखेला दुसरी. रात्री बारानंतर तारीख बदलते हे विसरून गाडी रात्रभर ठेवणारे बरेच आहेत, सकाळी गाडी उचललेली असते (प्रश्न १७). तुळशीबाग-मंडईकडे जायचं असेल तर गल्लीबोळात जागा शोधत फिरण्यापेक्षा सरळ मिनर्व्हा किंवा आर्यनच्या पार्किंगमध्ये लावा, चार पैसे जातील पण सणाच्या गर्दीत बाहेर लावलेल्या गाडीचा आरसा शाबूत मिळणं कठीण.

४. तोंड कुठे करून लावायची? तिरकी, आडवी की रस्त्याला समांतर?

टू-व्हीलरच्या रांगेत मागचं चाक फूटपाथच्या कडेला टेकवून, तोंड रस्त्याकडे. मागे सरकायला जागाच नाही म्हटल्यावर पुढून कोणी हलकं टेकलं तरी गाडी जागेवरच राहते, आणि तुम्हाला निघतानाही समोरचं दिसतं. समांतर लावलीत तर गाडीची अख्खी लांबी रस्त्यावर येते आणि पुढच्या-मागच्या दोन्ही कारच्या रिव्हर्समध्ये तुम्ही.

आणि एक बारीक गोष्ट. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात, गाडी रहदारीच्या दिशेने समांतर लावली की तिची डावी बाजू उताराला येते आणि साइड स्टँडवर ती गरजेपेक्षा जास्त कलते. उलट्या तोंडाने लावली तर जवळजवळ सरळच उभी राहते, पोराने नुसता हात लावला तरी उजवीकडे जाईल. लावून झाल्यावर एकदा पुढे उभं राहून बघा, कल फार जास्त किंवा फार कमी वाटला तर जागा बदला.

५. उतारावर लावायची वेळ आली तर?

तोंड चढाकडे, पहिला गियर, मागचं चाक कडेला टेकलेलं. उताराकडे तोंड करून साइड स्टँडवर लावली की गाडीचं स्वतःचं वजनच तिला पुढे ढकलतं आणि स्टँड दुमडतो. बेसमेंटच्या रॅम्पवर तर लावूच नका, 'दोनच मिनिटं' वाल्यांच्या गाड्या तिथेच पडतात.

६. गियरमध्ये ठेवायची का न्यूट्रलला? आणि हँडल लॉक?

गियरमध्ये. इंजिन बंद करून पहिला टाका आणि गाडी हळूच पुढे-मागे हलवून अडकली की बघा. हँडल डावीकडे पूर्ण वळवून लॉक करा, साइड स्टँडवर गाडी तशीच जास्त पक्की बसते. उजवीकडे वळवून ठेवलेली डगमगते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की दाटीच्या पार्किंगमध्ये लॉक केलेली गाडी लोकांना सरकवता येत नाही मग ते फरफटत नेतात. खरंय. पण न्यूट्रलला अनलॉक सोडलेली गाडी चोराला आयती आणि वॉचमनलाही आयती. लॉक करायचीच नसेल तर अशा ठिकाणी लावूच नका. अपवाद फक्त ओळखीच्या पे अँड पार्कचा, जिथे माणूस स्वतः लाइन लावतो.

स्कूटरला गियर नाही, बंद केली तरी चाक मोकळं फिरतं. काही स्कूटरना ब्रेक लिव्हरवर लॉकची क्लिप असते, ती वापरा. नसेल तर मेन स्टँड, किंवा ब्रेक लिव्हर दाबून ग्रिपला जाड रबर नाहीतर वेलक्रोची पट्टी गुंडाळायची. दिसायला येडपट दिसतं पण उतारावर काम करतं.

७. काहीच कारण नसताना गाडी पडते, दुपारी लावली की संध्याकाळी आडवी. कोण पाडतं?

एप्रिल-मे असेल तर बहुतेक कोणी नाही. ऊन तापलं की डांबर मऊ पडतं, साइड स्टँडचा तळ असतो बोटभर रुंद आणि गाडीचं वजन त्यावर, स्टँड हळूहळू आत रुततो. पावसाळ्यात मुरमावर आणि नुसत्या मातीवर हेच होतं. स्टँडखाली फरशीचा तुकडा, सपाट दगड, चेपलेला पत्र्याचा डबा, काहीही ठेवा. पेव्हर ब्लॉकवर लावताना स्टँड दोन ब्लॉकच्या फटीत जात नाही ना ते बघा. स्टँडला कायमची मोठी प्लेट वेल्डिंग करून किंवा बोल्टने लावून मिळते, बुलेटसारख्या जड गाडीला तर घ्याच.

८. आमच्या ऑफिसखाली एक गाडी पडली की अख्खी ओळ पडते. यावर उपाय आहे का?

पत्त्यांच्या बंगल्यासारखी जाते ओळ. हे होतं कारण सगळ्या गाड्या डावीकडे कललेल्या आणि मधलं अंतर हँडलच्या रुंदीपेक्षा कमी. ओळीत सगळ्यात डावीकडची जागा मिळाली तर घेऊ नका, पडलेल्या सगळ्या गाड्यांचं वजन शेवटी तिच्यावर येतं. उजवं टोक त्यातल्या त्यात बरं, बाजूला भिंत असेल तर उत्तमच. ऑफिसवाल्यांना सांगून ओळ थोडी तिरकी करून घ्या, तिरक्या ओळीत हँडल एकमेकांच्या मागे-पुढे येतात, अडकत नाहीत. आणि प्रत्येक आठ-दहा गाड्यांनंतर एक लोखंडी बार किंवा खांब बसवून घेतला तर पडणं तिथेच थांबतं, फॅब्रिकेशनवाल्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

९. लेग गार्ड, क्रॅश गार्ड, स्लायडर लावून उपयोग होतो?

जागेवर पडण्यापुरता, हो. गाडी आडवी झाली की आधी गार्ड जमिनीला लागतो, टाकीला पोचा पडत नाही, इंजिनचं कव्हर वाचतं. पण आरसा आणि लिव्हर गार्डच्या बाहेर असले तर ते तुटतातच. कारने जोरात ठोकलं तर मात्र सगळा धक्का गार्डच्या बोल्टमधून फ्रेमवर जातो, म्हणून गार्ड पातळ नळीचा आणि एकाच बोल्टवर लटकणारा नको. अजून एक, मोठ्ठा रुंद गार्ड लावला की तुमची गाडी शेजारच्या टाकीला घासते आणि मग शेजारी हा प्रश्न पाठवतो.

१०. कव्हर घालून ठेवतो, तरी काच आणि टाकीवर ओरखडे. कव्हर चांगलं की वाईट?

कव्हर धुळीसाठी आहे, धक्क्यासाठी नाही. धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर ओढलं की तीच धूळ पेंटवर घासते, ओरखडे तिथूनच येतात. वारा सुटला की सैल कव्हर फुगतं आणि हलकी गाडी पाडूही शकतं, वळवाच्या पावसात हे हमखास, म्हणून खालून बेल्टने बांधलेलं कव्हरच घ्या.

कव्हर काळं किंवा राखाडी असतं आणि मागचा रिफ्लेक्टर त्याखाली झाकला जातो, अंधाऱ्या बेसमेंटमध्ये कारवाल्याला काहीही दिसत नाही. कव्हरच्या मागच्या बाजूला हातभर रेडियमची पट्टी चिकटवा, कारचा रिव्हर्स लाइट पडला की चमकते. माझ्या मते या अख्ख्या यादीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा उपाय हाच. दिवाळीच्या दिवसांत रस्त्याकडेच्या गाडीवरचं कव्हर काढून ठेवा, नायलॉनवर एक ठिणगी पुरते.

११. सोसायटीत जागा अपुरी, पिलर आणि कारच्या मधे गाडी लावावी लागते. काय करता येईल?

आधी मोजा. राज्याच्या बांधकाम नियमावलीत, म्हणजे २०२० च्या युनिफाइड डीसीपीआरमध्ये, टू-व्हीलरची जागा १ मीटर बाय २ मीटर धरलीय. स्प्लेंडर साधारण २ मीटर लांब आहे, कशीबशी बसते. क्लासिक ३५० त्याहून लांब, म्हणजे पांढऱ्या रेषेत लावूनही मागचा टायर बाहेर, आणि ठोकर नेमकी तिथेच बसते. लांब गाड्यांना भिंतीच्या बाजूच्या जागा आणि स्कूटरना मधल्या असं वाटप करायला सांगा, कमिटीत भांडण होईल पण एकदाच.

बाकी कमिटीकडून करून घ्यायच्या गोष्टी: कारच्या जागेत रबरी व्हील स्टॉपर, म्हणजे मागचं चाक अडलं की कार तिथेच थांबते. रॅम्पच्या वळणावर गोल आरसा. पिलरवर पिवळ्या-काळ्या पट्ट्या. टू-व्हीलरच्या ओळीपुढे दोन-तीन बुटके खांब. नुसता 'गाड्या सावकाश चालवा' असा फलक लावून काहीही होत नाही, स्टॉपरने होतं.

नुकसान झालं तर सोसायटी आपोआप भरून देत नाही, ज्याने ठोकलं त्याची ती जबाबदारी. वॉचमनने पाडली असेल तर तो कोणाचा माणूस आहे ते बघा, एजन्सीचा असेल तर सोसायटीच्या लेटरहेडवर एजन्सीला पत्र.

१२. 'पार्किंग ॲट ओनर्स रिस्क' असा बोर्ड आहे. म्हणजे पार्किंगवाल्याने पाडली तरी काही मागता येत नाही?

बोर्ड लावला म्हणून जबाबदारी संपत नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात हे सांगितलंय. १९९८ साली व्हॅलेला दिलेली मारुती झेन चोरीला गेली होती, आणि कोर्टाने म्हटलं की गाडीचा ताबा घेतल्यावर 'ओनर्स रिस्क' छापून हॉटेलला आपला निष्काळजीपणा झटकता येणार नाही.

फरक किल्लीत आहे. किल्ली दिलीत तर ताबा दिलात, १८७२ च्या करार कायद्यानुसार ताबा घेणाऱ्याने ती वस्तू स्वतःच्या वस्तूसारखी जपायची. नुसती पावती घेऊन किल्ली खिशात घेऊन गेलात तर तो जागेचं भाडं घेतोय असं म्हणायला त्याला वाव आहे. पण त्याच्याच माणसाने ओढताना पाडली आणि तसं दिसतंय, तर बोर्ड त्यालाही वाचवत नाही. पावती जपा, पावतीसह गाडीचा फोटो काढा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, तक्रार ऑनलाइनही करता येते. आरशासाठी कोणी जात नाही हे मान्य, पण 'ग्राहक आयोगात जातो' एवढं लेखी दिलं की बरेच जण आरशाचे पैसे देतात.

१३. खाली आलो तर गाडी पडलेली आणि ठोकणारा गायब. पहिल्यांदा काय करू?

गाडी उचलायची घाई करू नका. पेट्रोल सांडत नसेल आणि रस्ता अडत नसेल तर आधी फोटो: लांबून एक ज्यात जागा कळेल, मग चारी बाजूंनी, मग तुटलेले भाग जवळून. गाडीवर दुसऱ्या गाडीचा रंग लागलाय का बघा, पांढऱ्या पेंटची रेघ असेल तर तिचा वेगळा फोटो. खाली इंडिकेटरची काच, बंपरचा तुकडा काही पडलं असेल तर उचलून पिशवीत ठेवा.

मग कॅमेरे. समोरचं मेडिकल, एटीएम, सोसायटीचं गेट. फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून 'उद्या बघू' नको, त्याच दिवशी सेक्रेटरीला तारीख-वेळ लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या. कॉपी देत नसतील तर निदान 'एवढं फुटेज सेव्ह करून ठेवा' असं लेखी मागा, पोलिसांनी मागितलं की द्यावंच लागतं. चहाच्या टपरीवाल्याला विचारा, कॅमेऱ्याला नंबर दिसत नाही पण त्याला सगळं दिसतं.

१४. नंबर मिळाला. मालक कसा शोधू?

एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकला की गाडीचं मॉडेल, विमा चालू आहे की नाही आणि मालकाचं अर्धवट झाकलेलं नाव दिसतं. पत्ता दिसत नाही, आणि कोणी पैसे घेऊन 'आरटीओतून काढून देतो' म्हणाला तर त्या फंदात पडू नका. नंबर घेऊन पोलिस चौकीत जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे अपघातात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर ड्रायव्हरने जवळच्या पोलिस स्टेशनला लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत कळवायचं असतं, आणि न कळवणं हा कलम १८७ खाली गुन्हा आहे. चौकीत हे कलम शांतपणे सांगितलं की 'किरकोळ आहे, आपसात मिटवा' चा सूर थोडा बदलतो.

एफआयआरचा हट्ट मात्र करू नका. मुद्दाम नुकसान केलं असं दाखवता येत नाही तोवर उभ्या गाडीच्या आरशासाठी बहुतेक वेळा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) किंवा नुसती नोंद होते, आणि विम्यासाठी कंपनीने पोलिसांचा कागद मागितलाच तर बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'हा चोर बघा' म्हणून लोकांचे नंबर फिरवू नका, उलटी तक्रार तुमच्यावर येते.

१५. ठोकणारा चांगला माणूस आहे, पैसे देतो म्हणतोय. किती घेऊ?

अंदाजाने रक्कम सांगू नका. आधी मेकॅनिककडून लेखी एस्टिमेट, कारण बाहेरून फक्त आरसा तुटलेला दिसतो आणि आत शॉकअपचा पाइप वाकलेला असतो (प्रश्न १९). 'एस्टिमेट आलं की पाठवतो' असा मेसेज त्याला तिथेच उभं राहून करा, त्याच्या 'ओके' ला पुरावा म्हणून किंमत असते. पैसे यूपीआयने घ्या, नोटमध्ये गाडी नंबर.

आणि महत्त्वाचं, विम्याचा क्लेम करणार असाल तर 'माझी काही तक्रार नाही, सगळे पैसे मिळाले' असं लिहून देऊ नका. तुम्हाला पैसे दिल्यावर ठोकणाऱ्याकडून वसूल करायचा हक्क विमा कंपनीकडे जातो, तो तुम्ही आधीच सोडून दिला तर कंपनी अडवते. पैसे तरी घ्या नाहीतर क्लेम करा.

१६. माझा विमा आहे. मग काळजी कशाला? आणि क्लेम करावा का खिशातून?

कुठला विमा ते आधी बघा. सप्टेंबर २०१८ पासून नवीन टू-व्हीलरला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, त्यामुळे 'पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे' असं सगळेच सांगतात. पण थर्ड पार्टी म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान. तुमच्या उभ्या गाडीला कोणी ठोकलं तर तुमच्याकडे ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर) लागतं, ते पहिल्या वर्षानंतर बऱ्याच जणांनी भरलेलंच नसतं.

आता हिशोब. नो क्लेम बोनस पहिल्या बिनक्लेम वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५० पर्यंत चढतो आणि एका क्लेमने शून्यावर येतो. पण तो फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर, थर्ड पार्टीवर नाही. समजा ओन डॅमेजचा हप्ता १,२०० रुपये आणि बोनस ३५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२० वाचतायत, आणि एकदा घसरलात की परत वर चढायला काही वर्षं. त्यात प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात (घसारा न कापणारं झिरो डेप कव्हर नसेल तर), वरून सक्तीची वजावट. दोन आरसे आणि एक लिव्हर असेल तर खिशातून करून मोकळे व्हा. टाकी, शॉकअप, हेडलाइट असं एकत्र गेलं असेल तर क्लेम. कंपनीला लगेच कळवा आणि त्यांनी बघेपर्यंत दुरुस्त करू नका. क्लेम उगाच नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तिथे नाही झालं तर विमा लोकपाल, त्यांचं ऑफिस पुण्यातही आहे आणि फी नाही.

१७. गाडी नो पार्किंगमध्ये होती. ठोकली तर क्लेम मिळतो का? आणि टोइंगवाल्यांनी उचलताना तोडली तर?

नुसती नो पार्किंगमध्ये होती एवढ्यावर ओन डॅमेजचा क्लेम साधारणपणे जात नाही, खरं ते लिहा, जागा खोटी सांगितलीत तर मात्र त्यावरूनच जाईल. ठोकणाऱ्याकडून भरपाई मागताना तो 'तुमचीही चूक' म्हणणार आणि त्यात तथ्य असू शकतं, विशेषतः वळणावर किंवा अंधारात रस्ता अडवून लावली असेल तर. अशा धोकादायक जागी गाडी सोडणं कलम १२२ मध्ये वेगळं येतं.

टोइंगचं नुकसान सिद्ध करणं अवघड, कारण आधीचे ओरखडे कुठले आणि नंतरचे कुठले? दंड भरून गाडी ताब्यात घेण्याआधी तिथेच फोटो काढा, ड्युटीवरच्या अंमलदाराला दाखवा आणि लेखी अर्ज द्या. घरी नेऊन दुसऱ्या दिवशी परत गेलात तर कोणी उभं करणार नाही.

१८. ठोकणारा शेजारचा सोळा वर्षांचा मुलगा, बाबांची गाडी घेऊन. तक्रार करू का? वाईट वाटतं.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९-अ खाली अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, शिवाय गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द. हे त्याच्या बाबांना माहीत असेल तर तुमच्या टाकीचे पैसे संध्याकाळपर्यंत येतील. माहीत नसेल तर सांगा. पोलिसांत जायचं की नाही हा तुमचा प्रश्न, पण माझं मत विचाराल तर मुलगा दुसऱ्यांदा दिसला की जावं.

१९. पडलेली गाडी उचलल्यावर काय काय बघायचं?

उचलायची आधी. स्प्लेंडर ११२ किलो, क्लासिक ३५० आहे १९५ किलो, बुलेट एकट्याने पुढून वाकून उचलाल तर पाठ जाईल. सीटला पाठ लावून, एक हात हँडलला, एक मागच्या ग्रॅब रेलला, आणि पायाच्या जोरावर मागे चालत. त्याआधी गियरमध्ये टाका, आणि गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा म्हणजे पलीकडे जाणार नाही.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीचा पेट्रोल कॉक बंद करा आणि सांडलेलं उडून जाईपर्यंत किक मारू नका. एफआय (फ्युएल इंजेक्शनची) गाडी पडल्यावर चालू होत नसेल तर बिघडली असं समजू नका, बऱ्याच गाड्यांत कलल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, किल्ली पूर्ण बंद करून परत चालू करा.

मग समोर उभं राहून पुढचं चाक दोन पायांत धरा आणि हँडल चाकाला काटकोनात आहे का बघा. नसेल तर टी (हँडल आणि शॉकअप जोडणारा भाग) पिळलीय किंवा शॉकअप वाकलाय, तशीच चालवू नका. ब्रेक लिव्हर दाबून बघा, मऊ लागली तर ऑइल गळतंय. गियर आणि ब्रेकचे पेडल आत वाकून इंजिनला टेकलेत का. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवा, एखादी केबल अडकली असेल तर वळताना ॲक्सिलरेटर स्वतःच वाढतो, हे रस्त्यावर कळलेलं बरं नव्हे.

२०. झाड पडलं किंवा पार्किंगमध्ये पाणी शिरलं तर?

ओन डॅमेजमध्ये वादळ, पूर, आग, दरड हे येतं, थर्ड पार्टीत यातलं काही नाही. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. अशा गाडीला पाणी ओसरल्यावर चालू करून बघायचा मोह आवरा. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, आणि ते नुकसान 'पुरामुळे नाही, तुमच्यामुळे' म्हणून कंपनी नाकारते, वेगळं इंजिन प्रोटेक्ट घेतलं नसेल तर. ढकलत गॅरेजला न्या. पावसाळ्यात जुन्या, पोकळ झाडाखाली लावू नका, मे महिन्यातली सावलीची सवय जूनमध्ये मोडा.

२१. उलटं झालं तर? माझी उभी गाडी वाऱ्याने पडली आणि शेजारच्या कारला डेंट.

कारवाला पैसे मागणार. तुमच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला टू-व्हीलरसाठी १ लाखापर्यंत कव्हर असतं (काही जण हप्ता वाचवायला ते ६,००० वर आणून ठेवतात, पॉलिसी बघा). गाडी उभी होती, 'वापरात' नव्हती, असं विमा कंपनी म्हणू शकते. पण १९८७ साली पुणे-बंगळुरू हायवेवर सातारा जिल्ह्यात उलटलेला पेट्रोलचा टँकर काही तासांनी पेटला आणि माणसं गेली, त्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये सांगितलं की बंद पडून उभं असलेलं वाहनही 'वापरात' धरता येतं. बाकी नुसता वारा होता, की तुम्ही गाडी मऊ मातीत लावली होती (प्रश्न ७), यावर तुमची जबाबदारी किती ते ठरतं. डेंट लहान असेल तर मोटार अपघात ट्रिब्युनलच्या फेऱ्यांपेक्षा आपसात मिटवणं स्वस्त.

२२. माझ्या धक्क्याने दुसऱ्याची गाडी पडली आणि मालक कुठे दिसत नाही. उचलून ठेवून निघून जाऊ का?

उचलून नीट लावा, पेट्रोल गळत नाही ना बघा, फोटो काढा आणि नाव-नंबरची चिठ्ठी ठेवा. काही तुटलं असेल तर प्रश्न १४ मधलं कलम १३४ तुम्हालाही लागू आहे. वॉचमनला सांगून ठेवा, त्याला सांगितलेलं मालकापर्यंत पोचेलच असं नाही म्हणून चिठ्ठी हवीच. ती सीटवर ठेवू नका, उडते. ब्रेक लिव्हरच्या फटीत घडी करून खोचा, पावसाळा असेल तर आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि पेनाने लिहा, स्केचपेनची शाई ओघळते.